चार हात काळी फिल्म

माळ्यावरून तो डबा खाली आला तेव्हा मला वाटलं, पापडाचा आहे. आई तसल्याच एका डब्यात उडदाचे पापड ठेवायची. पसरट, गोल, लहान ताटाएवढा, कडेला गंज धरलेला. दादाचं दिघीचं घर रिकामं करायचं होतं. त्याचा मुलगा मोशीला नव्या फ्लॅटमध्ये निघाला होता आणि मी मदतीला म्हणून आले होते. मदत कसली, सकाळपासून या खोलीतून त्या खोलीत नुसत्या येरझाऱ्या चालल्या होत्या. मला एका जागी बसवतच नाही. घरात माझं नाव भिंगरी. सत्तरी ओलांडली तरी दादा अजून त्याच नावाने हाक मारतो.

"मित्रा, तो डबा पुसून ठेव गं, मी घेऊन जाईन," मी म्हटलं. मित्रा म्हणजे दादाची नात. तिने नखाने झाकण उचकटलं. आत पापड नव्हते. सिनेमाच्या फिल्मची एक गुंडाळी होती, शिवणाच्या दोऱ्याने बांधलेली. आणि एकदम तो वास आला. व्हिनेगरसारखा आंबट, आणि त्याच्या खाली नेलपॉलिशसारखा दुसरा, फिल्म जोडायच्या सोल्यूशनचा. मी धप्पकन पलंगावर बसले आणि लगेच उठले.

झाकणाच्या आतून चिकटपट्टी लावलेली होती, जखमेवर लावतात ती. तिच्यावर जांभळ्या पेन्सिलीने, दादाच्या अक्षरात, एका इंग्रजी सिनेमाचं नाव होतं. खाली लिहिलं होतं, 'रीळ दुसरं, चार हात'.

"आजी, काय आहे हे?"

मी दादाकडे पाहिलं. तो खिडकीशी खुर्चीत बसला होता, कानाचं मशीन शर्टाच्या खिशात. कारखान्याच्या प्रेसशॉपमध्ये, पत्र्याच्या दणदणाटात त्याने तीस वर्षं काढली, कान तिथेच राहिले. बाहेर लष्कराच्या हद्दीत गोळीबाराचा सराव चालला होता, खिडकीच्या काचा थरथरत होत्या, त्याला त्याचा पत्ता नव्हता. पण डबा त्याने पाहिला होता. पाहिला आणि तोंड खिडकीकडे फिरवलं.

"नाव आहे ना, मग मिळेल मोबाइलवर," मित्रा म्हणाली. रेंज नव्हती म्हणून ती गॅलरीत गेली. तिच्या हातातल्या पडद्यावर एक चक्र गोल गोल फिरत राहिलं. मीही फिरत राहिले. ओट्यापासून दारापर्यंत, दारापासून ओट्यापर्यंत.

त्या सिनेमाचं नाव मला पन्नास वर्षांत कधी कळलंच नव्हतं, आणि ज्या बाईमुळे मी गायला उभी राहिले ती त्याच सिनेमातली होती.

पिंपरीला आमच्या वसाहतीत एक हॉल होता. एकाहत्तरच्या लढाईच्या वेळी ब्लॅकआउटसाठी त्याच्या खिडक्यांना काळे कागद चिकटवले होते. लढाई संपली, कागद काढायला कुणी आलं नाही. भर दुपारी दिवे लावावे लागत म्हणून सगळे वैतागायचे. पण रविवारी तीन वाजता तेच कागद कामाला यायचे. भिंतीवर चादर ताणायची, दार लोटायचं, की पिक्चर सुरू. कागदाला कुठे कुठे टाचणीएवढी भोकं पडली होती. त्यांतून उन्हाच्या बारीक काड्या आत यायच्या आणि त्यांच्यात बिडीचा धूर वर चढताना दिसायचा.

हॉलचा प्रोजेक्टर दादाच्या ताब्यात. आठवडाभर प्रेसशॉपमध्ये पत्रा ठोकायचा आणि रविवारी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून मशीनजवळ उभा राहायचा. मशीनला दुसऱ्या कुणी बोट लावलेलं त्याला खपत नसे. फिल्मचे डबे मुंबईहून रेल्वेच्या पार्सलने यायचे, कुठल्याशा वकिलातीच्या लायब्ररीतून. बहुतेक वेळा त्यात काय असायचं? डोळ्यांना चष्मा लावून वेल्डिंग करा. बटाट्यावरची कीड ओळखा. बर्फातून आगगाडी जातेय ती जातेच आहे. पोरं झोपून जायची, बायका लसूण सोलत बसायच्या. तरी हॉल भरलेला असायचा, कारण फुकट होतं आणि पंखे होते.

मी तेव्हा एकोणीस-वीसची. औषधाच्या कंपनीत पॅकिंगला होते. अंगाला, केसांना, पदराला तो कंपनीचा आंबूस वास, कितीही शिकेकाई लावा, जात नसे. भोंगा झाला की आत, भोंगा झाला की बाहेर. बाटली आली, लेबल लावलं, बाटली गेली. हात तिथे आणि जीव कुठेतरी भलतीकडे. संध्याकाळी कॅम्पातून घरी येताना सिंधी दुकानांपुढे पापड भाजल्याचा वास यायचा. कापडवाल्यांच्या रेडिओवर गाणी लागलेली असायची. मी मुद्दाम लांबच्या गल्लीने जायचे. दोन गाणी जास्त ऐकायला मिळायची.

घरीही गाणंच होतं, पण ते अण्णांचं. अण्णा म्हणजे आमचे वडील. कंपनीत बॉयलरवर होते आणि बाहेर त्यांची गायन पार्टी होती. जयंतीला, लग्नात, बारशाला, कुणी गेलं की पुण्यानुमोदनाला पार्टी जायची. गाणी ते स्वतः रचायचे, चाली स्वतः लावायचे, पेटी स्वतः वाजवायचे. ढोलकीला बबन. पुढे गायला एक मास्तर, तेल लावून भांग पाडलेले. आणि मागे कोरसला आम्ही दोघी, मी आणि केसरमावशी. मावशी लातूरकडच्या. आमच्या शेजारच्या चाळीत राहायच्या. कोरसचं काम एवढंच, मास्तरांची ओळ संपली की तिचं शेपूट उचलायचं. पुन्हा गप्प. पुन्हा शेपूट.

मला पुढे गायचं होतं. बस, एवढंच हवं होतं मला त्या वयात. साडी नको, सोनं नको, कुणी स्थळ आणलं तर तेही नको. एकदा अण्णांना म्हणून पाहिलं.

"तुझा गळा हाय चांगला," ते म्हणाले. "पण तू घाईची हायेस. पेटीच्या म्होरं पळतीस. गाण्यात माणूस पळाला की गेला."

खरं होतं. म्हणून जास्त झोंबलं. मी चार दिवस त्यांच्याशी बोलले नाही आणि त्या चार दिवसांत घरातली सगळी भांडी दोनदा घासली.

मग तो रविवार आला. दादाने आदल्या दिवशीच सांगितलं होतं, "उद्या बटाटे न्हाईत. अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या गाण्याचा कार्यक्रम हाय. मोठ्या थेटरात लोकांपुढं गायलेत, तेच फिल्मवर घेतलंय." बोलताना त्याचा चेहरा जरा उतरलेला होता, पण मी लक्ष दिलं नाही. कुणाच्या चेहऱ्याकडे लक्ष द्यायला मला कधी उसंत होती?

पहिल्या रिळात एक म्हातारा गिटार घेऊन खुर्चीत बसला होता. दुसरं काही नाही. बूट जमिनीवर आपटायचा आणि गायचा. एक ओळ म्हटली, तीच पुन्हा म्हटली, मग तिसरी म्हटली. अण्णा पुढच्या सतरंजीवर बसले होते, ते ताठ झाले. "आरं, हे तर आपल्यासारखंच," ते मोठ्याने म्हणाले. आमच्याकडेही पहिली ओळ दोनदा घ्यायची पद्धत. ऐकणाऱ्याच्या मनात ती मुरली पाहिजे, मग पुढे जायचं. भाषेचं अक्षर कळत नव्हतं, पण हॉलमध्ये एकही लसूण सोलला जात नव्हता.

"ह्येच्या घरचं कोन तरी गेलंय बगा," केसरमावशी म्हणाल्या आणि पदर डोळ्यांना लावला.

दुसऱ्या रिळात ती आली. उंच, भक्कम, चमचमता झगा, कपाळावरून घाम निथळतोय. मागे पितळी वाद्यांची रांग. ती वाजायला लागली तशी मागची पोरं ओरडली, "वरातीचा बँड आला!" आणि हॉल हसला. मग तिने तोंड उघडलं आणि हसू जिथल्या तिथे थांबलं. काय गळा होता! खालून उचलायची, वर न्यायची, वरून सोडून द्यायची. मधेच पायातले बूट काढून तिने बाजूला ढकलले. बाईमाणूस भर स्टेजवर बूट काढतं आणि कुणी काही बोलत नाही, हे मला फार आवडलं. मी गुडघ्यांवर उठून बसले होते. मागची बाई माझा पदर ओढत होती, "अगं खाली बस की!"

गाणं चढत गेलं. आता ती फुटणार, आता काहीतरी होणार, असं वाटत असताना अंधार झाला.

अंधार आणि गप्प. पडदा काळा, आवाज बंद. प्रोजेक्टरची टकटक तेवढी चालू. कुणी शिट्टी मारली नाही, कुणी "ए ऑपरेटर" म्हणून ओरडलं नाही. मला माझाच श्वास ऐकू येत होता. आणि मग एकदम उजेड. आता ती माइकजवळ नव्हतीच. ती स्टेजच्या अगदी कडेला गुडघे टेकून बसली होती, डोळे मिटलेले, आणि आवाज असा आला की मी रडायलाच लागले. मला वाटलं, ती थांबली. भर गाण्यात, सगळ्या वाजवणाऱ्यांना थांबवून ती थांबली. थिएटरचे दिवे घालवायला लावले, अंधारात चालत पुढे आली, आणि तिच्या मनाला आलं तेव्हा पुन्हा सुरू झाली. पेटीवाला, ढोलकीवाला, सगळे तिच्यासाठी ताटकळले. एका बाईसाठी!

शो संपल्यावर लोक ओरडले, "वन्स मोअर!" नाटकाला, पार्टीला, कुठेही ओरडायची आमच्याकडे सवय. दादा एरवी हौसेने रीळ मागे घ्यायचा. त्या दिवशी म्हणाला, "वन्स मोअर न्हाई. मशीन तापलंय." आणि डबे बंद करून टाकले. दुसऱ्या दिवशी पार्सल मुंबईला परत गेलं.

त्यानंतर मी काय काय केलं, आठवलं की आता हसू येतं. पॅकिंगच्या पट्ट्यावर बाटली आली की मनातल्या मनात एक ओळ म्हणायची आणि थांबायची. पुढची बाटली आली तरी थांबायची. तिसरी बाटली लेबलाशिवाय गेली की सुपरवायझर ओरडायचा. नदीवर धुणं धुताना, बसच्या रांगेत, सगळीकडे हेच. थांबणं फार अवघड असतं हो. गाणं सोपं. थांबलं की आतून कुणीतरी ढकलतं, बोल, बोल, बोल. जिला ताटावर धड बसवत नव्हतं ती पोरगी थांबायला शिकत होती. कुणाला सांगितलं नाही. दादालाही नाही.

जयंतीच्या दोन दिवस आधी मास्तरांचा गळा बसला. कापूर, ज्येष्ठमध, गरम पाणी, सगळं झालं, गळा उठेना. अण्णा रात्रभर कूस बदलत होते. सकाळी चहा पिताना म्हणाले, "एक गाणं तू म्हण. एकच. बाकीची बबन आन मी ओढू. पण ध्यानात ठेव, पळालीस तर पुन्हा पुढं उभी करायचो न्हाई. बापाची पार्टी म्हणून लोकं गप बसतील, मी बसनार न्हाई."

एप्रिलचं ऊन उतरत होतं. हॉलच्या पुढ्यात बाकं जोडून स्टेज केलं होतं, पुढे मांडव घातला होता. निळे कागदी झेंडे, अगरबत्ती, मेणबत्त्या, पांढऱ्या साड्यांना घडीचा वास. दापोडीपासून, भोसरीपासून माणसं आली होती. मी पांढरी साडी नेसून पुढे उभी राहिले. गाणं अण्णांचं होतं, पाण्याला निघालेल्या बाईचं. 'घागर माझी कोरडी गं, वाट माझी लांब.' पहिली ओळ दोनदा म्हटली. पळाले नाही. तिसरी म्हटली. अण्णांनी पेटीवरून एकदा वर पाहिलं, ठीक आहे, म्हणून. आणि शेवटच्या कडव्याला ध्रुपद परत घेताना मी म्हटलं, 'घागर माझी कोरडी गं, वाट माझी,' आणि थांबले.

डोळे मिटून घेतले. पेटी दोन सूर पुढे गेली आणि अडखळून थांबली. ढोलकी एक थाप जास्त वाजली आणि तीही थांबली. समोर कुजबुज झाली. "विसरली वाटतं." "पोरगी घाबरली." अण्णांचा दबका आवाज आला, "लांब! अगं लांब म्हण!" आतून मला कुणीतरी ढकलत होतं, नेहमीसारखं. मी नाही म्हटलं. एक लेकरू रडलं आणि गप्प झालं. मग कुजबुजही संपली. कुणीच काही बोलत नव्हतं, दूरवर रुळांवरून मालगाडी चालली होती तिचाच काय तो आवाज. मी ती जाऊ दिली. आणि मग म्हटलं, 'लांब.'

टाळ्या लगेच नाही आल्या. आधी बायकांच्या बाजूने कुणीतरी हुंदका दिला. मग केसरमावशींनी मागून कोरस उचलला, ठरलेला नसताना, आणि सगळा मांडव उठला. वन्स मोअर, वन्स मोअर! अण्णांनी पेटीवर डोकं टेकलं होतं. मला वाटलं, रागावलेत. ते डोळे पुसत होते. गर्दीत मी दादाला शोधलं. तो विजेच्या खांबाला धरून उभा होता, पांढराफटक. तेव्हा मला वाटलं, बहिणीचं कौतुक.

पुढे सात-आठ वर्षं मी गायले. देहूरोड, खडकी, आकुर्डी, चाकणच्या बाजूची गावं. ट्रकच्या हौद्यात पेटीवर रुमाल टाकून आम्ही जायचो, वाटेत भुईमुगाच्या शेंगा खायचो. लोक अण्णांना विचारायचे, "ती थांबणारी बाई आणलीय ना?" तेच माझं नाव पडलं. घरी भिंगरी आणि दारी थांबणारी! अण्णा हसायचे. त्या वर्षांइतकं मी कधी स्वस्थ नव्हते, आधीही नाही आणि नंतर तर नाहीच.

मग कॅसेटी आल्या. पार्टी बोलवायच्या ऐवजी लोक टेप लावायला लागले. पुण्यात एका कॅसेटवाल्याने मला रेकॉर्डिंगला बोलावलं. गाद्या लावलेली बंद खोली होती, पंखासुद्धा नाही. मी 'वाट माझी' म्हणून थांबले. तो काचेच्या पलीकडून हात करायला लागला. बाहेर येऊन म्हणाला, "बाई, थांबू नका. टेप रिकामी जाते. ऐकणाऱ्याला वाटेल, कॅसेट खराब आहे." मी म्हटलं, थांबल्याशिवाय माझं गाणं होत नाही. तो म्हणाला, मग राहू द्या. मी राहू दिलं. चपला घातल्या आणि तडक बस धरली.

पुन्हा कुणी बोलावलं नाही. अण्णा गेले, पेटी कुणीतरी मागून नेली, लग्न झालं, संसार झाला. माझा आवाज कुठल्याही टेपवर नाही, कुठल्याही डब्यात नाही. कधीकधी फार वाईट वाटतं. पण मी मनाशी म्हणायचे, त्या बाईकडून घेतलेलं होतं, विकायचं कसं?

"आजी! मिळालं!"

मित्रा गॅलरीतून आत आली. तळहाताएवढ्या पडद्यावर ती होती. तोच झगा, तोच घाम. मी चष्मा लावला, मोबाइल दोन्ही हातांत धरला. बूट काढले. बाजूला ढकलले. गाणं चढत गेलं. आता अंधार होणार.

अंधार झालाच नाही.

ती थांबलीच नाही. ती गातच होती. माइक सोडून एकेक पाऊल टाकत पुढे आली, प्रत्येक पावलाला एक हाळी, मागे बँड जोरात, लोक उभे, आणि कडेला येऊन गातागाताच तिने गुडघे टेकले. दिवे भक्क चालू होते.

"पुन्हा लाव," मी म्हटलं. मित्राने लावलं. पुन्हा तेच. मी दोऱ्याची गाठ दाताने तोडली आणि ती गुंडाळी खिडकीच्या उजेडात धरली. इवली इवली चित्रं, एकाखाली एक. ती चालत येत होती. कडेची भोकं फाटून त्यांच्या चिंध्या झाल्या होत्या.

मी दादाच्या खिशातून मशीन काढलं आणि त्याच्या कानात खुपसलं.

"दादा, हे काय आहे?"

त्याने गुंडाळीचं सुटलेलं टोक बोटांत धरलं. मग म्हणाला, "शनिवारी ट्रायल घेतली होती. शिफ्टमधले दोघं होते. ती बाई म्होरं चालाय लागली की दोघं वरडायचे, वन्स मोअर. मी रीळ मागं घ्यायचो. चार येळा घेतलं. पाचव्यांदा भोकं फाटली."

"मग?"

"फाटलेलं कापलं. कोपरापासून बोटापर्यंत मोजलं, चार हात भरलं. लायब्ररीवाले रीळ परत आलं की मोजतात असं कुणीतरी सांगितलेलं. लांबी कमी भरली तर फिल्मी बंद, मशीन बंद. मग हॉलमधल्या एका जुन्या रिळाची काळी फिल्म घेतली, बरोबर चार हात, आन जोडली. प्रेसशॉपचा माणूस मी. माप चुकू दिलं न्हाई."

माप! मला हसावं की त्याला बडवावं कळेना. "म्हणजे ती थांबली नव्हती. ते तुझं ठिगळ होतं."

"व्हय."

"आणि मी आयुष्यभर तुझं ठिगळ गात होते? दादा, मी त्यासाठी कॅसेट सोडली रे! एक तरी गाणं राहिलं असतं माझं. एक तरी!" मी ओरडत होते. मित्रा भिंतीला टेकून उभी होती. मी दारापर्यंत गेले, परत आले, डबा उचलला, आपटायचा म्हणून उचलला, आणि तसाच धरून राहिले.

"कॅसेटवाल्याकडनं आलीस त्या दिवशी सांगणार होतो," दादा म्हणाला. "तोंडापर्यंत आलं होतं. पण लोकं तुला थांबणारी बाई म्हणत होती. कुठल्या तोंडानं सांगू? आन मला वाटायचं, सांगितलं तर तू गायचीच बंद होशील."

"तरी बंद झालेच ना?"

बाहेर गोळीबाराचा एक बार झाला आणि मशीन लावलेलं असल्यामुळे तो दचकला. मग त्याने हात पुढे केले, दोन्ही, बोटं पसरून. प्रेसमध्ये एक करंगळी अर्धी गेलेली.

"चार हात फिल्म म्हणजे धा सेकंद," तो म्हणाला. "आम्ही ऑपरेटर लोक मनात मोजतो, एकशे एक, एकशे दोन. जयंतीला तू थांबलीस तेव्हा आख्ख्या मांडवात मला एकट्याला ठाऊक होतं ते कुठनं आलंय. खांबाला धरून मी मोजत होतो. म्हणलं, धा झाले की ही उचलणार." त्याने एकेक बोट मिटत नेलं. अर्ध्या करंगळीपर्यंत आला, दोन्ही मुठी झाल्या. "धा झाले. तू उचललं न्हाईस."

मग त्याने उजवी मूठ पुन्हा उघडली आणि परत मोजायला लागला. अंगठा. पहिलं बोट. मधलं. त्याच्या शेजारचं.

"चौदाला उचललंस," तो म्हणाला. "धा माझी होती, भिंगरे. ही चार तुझी."

मी डबा खाली ठेवला, खुर्ची ओढली आणि त्याच्याजवळ बसले.